वाचक विचारतात : शिडाच्या बोटीचं डिझेल इंजिन का तापतं?

या वेळी तापणाऱ्या इंजिनांचेच प्रश्न जास्त आले, म्हणून सदर पूर्ण त्यांनाच दिलं आहे. उत्तरांत दोन वेगळ्या पाण्यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येईल. बहुतेक शिडाच्या बोटींच्या डिझेल इंजिनमध्ये आतलं पाणी म्हणजे कूलंट. ते बेल्टवर चालणाऱ्या सर्क्युलेशन पंपाने ब्लॉक, हेड, थर्मोस्टॅट (कूलंट तापलं की उघडणारी झडप) आणि हीट एक्स्चेंजर यांतून फिरत राहतं. बाहेरचं पाणी म्हणजे समुद्राचं. ते सीकॉकमधून, म्हणजे बोटीच्या तळातल्या झडपेतून, आत येतं, स्ट्रेनरमधून (गाळणीतून) रबरी इम्पेलरच्या (पात्यांच्या चाकाच्या) पंपाकडे जातं, हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांतून कूलंटची उष्णता उचलतं आणि मिक्सिंग एल्बोमध्ये धुराशी मिसळून एक्झॉस्टमधून बाहेर पडतं. डॅशबोर्डवरचा काटा फक्त आतल्या पाण्याबद्दल बोलतो. बाहेरचं पाणी बंद पडलं तर ते त्याला बरंच उशिरा कळतं.

प्रश्न : आमच्या बोटीत २० किलोवॉटचं, हीट एक्स्चेंजर असलेलं डिझेल आहे. २००० आरपीएमपर्यंत काटा ८० अंशांवर ठाम असतो. २८०० वर ठेवलं की अर्ध्या तासात ९५ च्या पुढे जातो आणि थ्रॉटल कमी केला की परत खाली येतो. इम्पेलर नवा घातला, थर्मोस्टॅटही बदलला. काही फरक नाही. आता समुद्राच्या पाण्याचा पंपच बदलावा का?

उत्तर : पंप अजून घेऊ नका. आतापर्यंत बदललेले दोन्ही भाग अंदाजाने बदलले गेले आहेत, तिसराही तसाच जाईल. थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला असता तर काटा २००० वरही चढला असता. तुमचं इंजिन फक्त जोर लागल्यावर तापतं. म्हणजे उष्णता वाहून नेण्याची व्यवस्था चालू आहे, पण तिची कुवत कमी पडते आहे. मग चार शक्यता उरतात. बाहेरचं पाणी कमी येत असेल, किंवा एक्स्चेंजरच्या नळ्यांवर क्षार बसले असतील, किंवा कूलंट हळू फिरत असेल, किंवा इंजिनावर त्याच्या वाट्यापेक्षा जास्त भार पडत असेल.

सुरुवात इन्फ्रारेड थर्मामीटरने करा. थर्मोस्टॅटच्या आवरणावर, सेन्डरच्या (तापमान काट्याला कळवणाऱ्या भागाच्या) जवळ मोजा. चकचकीत धातूवर किंवा घासलेल्या पितळेवर हा थर्मामीटर खोटं सांगतो, कधी कधी वीस अंश कमी. ज्या ज्या ठिकाणी मोजायचं तिथे मास्किंग टेपचा नाण्याएवढा तुकडा चिकटवा आणि कायम त्यावरच मोजा. इथला आकडा आणि काटा यांत चारपाच अंशांचा फरक चालेल. पंधरा अंशांचा असेल तर आधी पुढचा प्रश्न वाचा.

आकडा खरा निघाला तर बादली घ्या. बोट धक्क्याला बांधलेली असताना, न्यूट्रलमध्ये, एक्झॉस्टमधून पडणारं पाणी १५ सेकंद बादलीत धरा आणि चारने गुणा. समुद्राच्या पाण्याचा पंप थेट इंजिनावर चालतो, त्यामुळे गिअर असो वा नसो, तो आरपीएमवरच पाणी देतो. हे १०००, २००० आणि २८०० वर करा. एकूण किती लिटर हवेत ते तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असतं, पण ते हाताशी नसलं तरी आकड्यांचा चढ बरंच सांगून जातो. १००० वर मिनिटाला दहा लिटर येत असतील तर २००० वर वीसच्या आसपास यायलाच हवेत. २००० ते २८०० मध्ये आकडा वाढलाच नाही, तर पंपाला वाढीव पाणी ओढता येत नाही किंवा पुढे ढकलता येत नाही. तुमच्या लक्षणांवरून इथेच काहीतरी सापडेल असं वाटतं.

ओढण्याची बाजू तपासायला पंपाच्या तोंडाचा होज (रबरी नळी) काढून तिथे आखूड, जाड भिंतीचा होज लावा आणि तो स्वच्छ पाण्याच्या मोठ्या बादलीत सोडा. (सीकॉक आधी बंद करा, हे सांगायला नको, तरी सांगतो.) आता एक्झॉस्टचं पाणी वाढलं तर दोष सीकॉक, स्ट्रेनर किंवा त्यांच्यामधल्या होजमध्ये आहे. सीकॉकच्या नळीत आणि बाहेरच्या जाळीत शंखशिंपले वाढतात. तळ नुकताच रंगवलेला असला तरी त्या नळीच्या आत ब्रश सहसा पोहोचलेला नसतो. होजही तपासा. तारेचा आधार नसलेला होज वेगात आत ओढला जाऊन चपटा होतो, ते इंजिन चालू असताना डोळ्यांना दिसतं. जुन्या होजच्या आतला थर मात्र सुटून झडपेसारखा आडवा पडतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. होज काढून आत बोट फिरवा.

ओढण्याची बाजू चांगली निघाली तर ढकलण्याची बाजू पाहा. मिक्सिंग एल्बोला जिथे समुद्राचं पाणी येतं तो होज काढून बादलीत सोडा आणि इंजिन आयडलवर फक्त पंधरा सेकंद चालवा. त्याहून जास्त नको, कारण आता एक्झॉस्टचा होज कोरडा आहे आणि त्यातून गरम धूर जातो आहे. आयडललाच आधी एक्झॉस्टला मोजलेल्या पाण्यापेक्षा इथे स्पष्टपणे जास्त पाणी आलं तर एल्बो तुंबलेला आहे. एल्बोमध्ये काजळी आणि गंज मिळून दगडासारखा थर बनतो. पाण्याची भोकं आणि धुराचा मार्ग दोन्ही त्याने आकसतात. सोबत काळा धूर आणि कमी झालेला जोर असेल तर एल्बो काढून टॉर्चने आत पाहाच. ठोकून साफ करता येतो, पण आतली धातू पातळ झाली असेल तर नवाच घाला. भोक पडलेल्या एल्बोतून पाणी उलट सिलिंडरमध्ये जाऊ शकतं.

आणि पाणी भरपूर येत असूनही इंजिन तापत असेल, तर तापमानाचा हिशेब करा. २० किलोवॉटचं डिझेल जोरात चालताना साधारण १५ ते २० किलोवॉट उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडतं. मिनिटाला ३० लिटर, म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर पाणी एका अंशाने तापायला सुमारे २ किलोवॉट लागतात. म्हणजे एक्स्चेंजरमध्ये शिरणाऱ्या आणि त्यातून निघणाऱ्या समुद्राच्या पाण्यात आठ ते दहा अंशांचा फरक अपेक्षित आहे. रबराच्या होजवर मोजू नका, एक्स्चेंजरच्या धातूच्या नळकांड्यांवर टेप लावून मोजा. फरक वीसच्या घरात गेला तर पाणी कमी आहे, परत बादलीकडे जा. फरक आठदहाच आहे आणि तरी काटा ९५ वर आहे, तर आता कूलंटच्या बाजूने एक्स्चेंजरमध्ये शिरताना आणि निघताना मोजा. तिथे पाचदहा अंशांची घट दिसली तर कूलंट नीट फिरतंय, नळ्याच क्षाराने झाकल्या आहेत. घट वीसच्या वर असेल तर कूलंटच हळू फिरतंय, म्हणजे बेल्ट घसरतोय किंवा सर्क्युलेशन पंपाची पाती खाल्ली गेली आहेत. बेल्टच्या सगळ्यात लांब पट्टीवर अंगठ्याने दाबल्यावर ती साधारण १० मिलिमीटर लवायला हवी. मोठा अल्टरनेटर बसवलेल्या बोटींत एकच अरुंद बेल्ट असेल, तर बॅटऱ्या उतरलेल्या असताना तो घसरतो आणि पुलीभोवती काळी भुकटी पडते.

शेवटी पंखा, म्हणजे प्रोपेलर. मोकळ्या पाण्यात, गिअरमध्ये, पूर्ण थ्रॉटल देऊन पाहा. इंजिनाचं रेटिंग ३६०० आरपीएम असेल आणि ३१०० च मिळत असतील, धूरही काळा असेल, तर इंजिन कोंडलं जातंय. पंख्यावर शेवाळ व शिंपले चढले असतील किंवा त्याचा पिच (पात्यांचा तिरकेपणा) जास्त असेल. अशा इंजिनाची शीतकरण व्यवस्था नवी कोरी असली तरी ते तापेल. पंखा घासून स्वच्छ करायला काही खर्च येत नाही, तेव्हा हे काम सगळ्यांच्या आधी केलं तरी चालेल.

प्रश्न : नेव्हिगेशन दिवे लावले की तापमानाचा काटा ७५ वरून ८८ वर उडी मारतो. दिवे बंद केले की परत खाली. हे गंभीर आहे का?

उत्तर : पाणी असं क्षणात तेरा अंश तापत नाही, तेव्हा दोष विजेचा आहे. सेन्डरचा रोध तापमानाबरोबर कमी होतो. युरोपीय पद्धतीच्या नेहमीच्या सेन्डरमध्ये ४० अंशांना तो साधारण २९० ओहम असतो, ९० अंशांना ५० च्या आसपास. पॅनेलची निगेटिव्ह तार आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामध्ये कुठे गंजलेला जोड असेल, तर दिव्यांचा करंट त्यातून जाताना व्होल्टेज पडतं आणि गेजला रोध कमी झाल्यासारखा वाटतो. दिवे लावून मल्टिमीटरचं एक टोक ब्लॉकच्या स्वच्छ बोल्टवर आणि दुसरं पॅनेलच्या निगेटिव्हवर ठेवा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर जोड उघडा, घासा, परत घट्ट करा.

गेज तपासायची आणखी सोपी रीत अशी. चावी चालू ठेवून सेन्डरची तार काढली की काटा थंड टोकाला जायला हवा. तीच तार क्षणभर ब्लॉकला टेकवली की गरम टोकाला. दोन्ही झालं तर गेज आणि तार ठीक, सेन्डरवर संशय घ्या. सेन्डर बदलताना आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. एकतारी सेन्डरला अर्थिंग त्या आट्यांतूनच मिळतं. आणि अमेरिकी गेजला युरोपीय सेन्डर जोडू नका, दोघांचे ओहम जुळत नाहीत. काटा हलेल, पण सांगेल भलतंच.

एक गोष्ट गेजबद्दल सगळ्यांनीच लक्षात ठेवावी. कूलंट गळून गेलं तर सेन्डर पाण्याऐवजी हवेत किंवा वाफेत राहतो आणि काटा खाली येऊ शकतो. तापलेल्या इंजिनाचा काटा कारण नसताना एकदम उतरला तर आनंद मानू नका, लगेच बंद करा. एक्झॉस्टच्या होजवर, पाणी मिसळतं त्याच्या पुढे, तापमानाचा वेगळा अलार्म बसवला तर समुद्राचं पाणी थांबल्याचं काट्याच्या कितीतरी आधी कळतं. इंजिनरूममध्ये पैसे घालायचेच असतील तर पहिले यात घाला.

प्रश्न : जोराच्या वाऱ्यात बराच वेळ बोट कलती ठेवून शिडावर चाललो, नंतर इंजिन सुरू केलं तर एक्झॉस्टमधून पाणीच नाही. इम्पेलर काढून पाहिला, सगळी पाती शाबूत. परत बसवला, तर पाणी आलं. पुढच्या वेळी पुन्हा तेच. इम्पेलर ठीक आहे ना?

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

एक म्हणजे हवा. कलल्यावर सीकॉक पाण्याबाहेर आला की स्ट्रेनरमध्ये हवा शिरते. पंप जलरेषेच्या वर असेल तर त्याला ती हवा खेचून काढावी लागते, आणि थोडा झिजलेला पंप तिथेच हरतो. तुम्ही इम्पेलर काढून बसवलात तेव्हा बोट सरळ झालेली होती आणि हवा निघून गेली असणार. स्ट्रेनरचं झाकण पारदर्शक असेल तर इंजिन चालू ठेवून आत पाहा. बुडबुड्यांची रांग दिसली तर झाकणाचा गॅस्केट हवा घेतो आहे. स्ट्रेनर जलरेषेखाली असेल तर हाच गॅस्केट इंजिन बंद असताना पाणी गाळतो. ते दिसतं तरी. जलरेषेवरचा मात्र चुपचाप हवा ओढतो.

दुसरी शक्यता जास्त फसवी आहे. इम्पेलरच्या मध्यभागी पितळेचा बुश असतो आणि त्यावर रबर चिकटवलेलं असतं. तो चिकट जोड सुटला की बुश शाफ्टबरोबर फिरतो आणि रबर जागेवरच घसरतं. पाती सुंदर दिसतात. तपासायला बुश पक्कडीत धरा, कापड गुंडाळून पाती मुठीत घ्या आणि जोराने पिळा. किंचितही सरकलं तर फेकून द्या.

पंप उघडलाच आहे तर झाकणाची आतली बाजू आणि कॅम (पात्यांना वाकवणारा आतला उंचवटा) पाहा. झाकणावर नखाला जाणवतील अशा गोल रेषा असतील तर पाणी पात्यांच्या कडेने मागे परत जातं. सपाट काचेवर बारीक वाळूकागद ठेवून झाकण घासा. बऱ्याच झाकणांची बाहेरची बाजू घासून आत वळवता येते. कागदी गॅस्केट मूळच्याच जाडीचा हवा, जाड घातला तर तीच गळती पुन्हा. बसवताना पात्यांना ग्लिसरीन किंवा इम्पेलरसोबत आलेलं वंगण लावा. पेट्रोलियम ग्रीसने रबर फुगतं.

एखादं पातं तुटलेलं सापडलं तर तुकडे गोळा करून जुन्या इम्पेलरवर जुळवून पाहा. जे सापडले नाहीत ते पुढे गेले आहेत, बहुधा एक्स्चेंजरच्या पहिल्या झाकणामागे, नळ्यांच्या तोंडावर. तिथे रबराचे काळे तुकडे आणि झिंकचा (गंज स्वतःवर घेणाऱ्या जस्ताच्या तुकड्याचा) भुगा एकत्र अडकलेले असतात. तिथून ते काढले नाहीत तर नवा इम्पेलर घालूनही इंजिन तापतच राहतं, आणि दोष मात्र नव्या इम्पेलरला लागतो.

प्रश्न : इंजिन तापत होतं म्हणून मेकॅनिकने थर्मोस्टॅटच काढून टाकायला सांगितलं. तसं चालवावं का?

उत्तर : बंदरापर्यंत पोहोचायला क्वचित चालेल, कायमचं नाही. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा मार्ग बंद करतो. तो काढून टाकला की बायपास उघडाच राहतो. कूलंट मग सोप्या रस्त्याने एक्स्चेंजरला वळसा घालून जातं आणि इंजिन आणखी तापतं. ज्या इंजिनांत असं होत नाही ती उलट गारच राहतात. थंड डिझेलमध्ये इंधन नीट जळत नाही, लायनरच्या भिंती गुळगुळीत होतात, तेल जास्त जळतं, एल्बोत काजळी साचते.

तपासणी घरच्या भांड्यात होते. थर्मोस्टॅट दोरीने पाण्यात लोंबता ठेवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी हळू तापवा. थर्मोस्टॅटवर छापलेल्या अंशाच्या एकदोन अंश इकडेतिकडे तो उघडायला लागला पाहिजे आणि आणखी दहाबारा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. गार झाल्यावर पूर्ण मिटलाही पाहिजे.

एक्स्चेंजर नसलेल्या, थेट समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या इंजिनाचा थर्मोस्टॅट मुद्दाम खूप आधी उघडतो, बहुधा ६० अंशांच्या आत, कारण त्यापुढे क्षार भिंतींवर भराभर बसतात. त्यात दुसऱ्या इंजिनाचा ८० चा थर्मोस्टॅट बसतो म्हणून घातला, तर एकदोन मोसमांत ब्लॉक आतून चुनखडीने भरेल.

प्रश्न : हेडर टँकमधलं (इंजिनावरच्या कूलंटच्या टाकीतलं) कूलंट दर आठवड्याला अर्धा लिटर कमी होतं. इंजिनखाली एक थेंब सापडत नाही. कुठं जातं?

उत्तर : आधी टँकची कॅप पाहा. ती ०.७ ते १ बारपर्यंत दाब धरते. ०.९ बारच्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. कॅपचं रबर कडक झालं असेल तर दाब राहत नाही, कूलंट ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर जातं आणि बिल्जच्या (बोटीच्या तळात साचणाऱ्या) पाण्यात मिसळून दिसेनासं होतं. नळीचं टोक रिकाम्या बाटलीत सोडा, एका फेरीत कळेल. कॅप स्वस्त आहे, ती पहिली बदला.

बाटली कोरडी राहिली तर कूलंट बहुधा दोनपैकी एका ठिकाणी जातं. एक्स्चेंजरची एखादी नळी फुटली असेल तर दाबाखालचं कूलंट समुद्राच्या पाण्यात मिसळून एक्झॉस्टमधून निघून जातं. एक्स्चेंजर काढून, एका बाजूची तोंडं बंद करून, बादलीत बुडवून हातपंपाने १ बार हवा द्या, बुडबुडे दिसतील. दुसरी शक्यता हेड गॅस्केटची. थंड इंजिन कॅप काढून सुरू करा आणि टँकमध्ये पाहत राहा. सुरुवातीचे एकदोन बुडबुडे सोडून द्या. थ्रॉटल वाढवला की बुडबुडेही वाढत असतील, किंवा कॅप लावून दोन मिनिटांतच, इंजिन कोमट असताना, होज दगडासारखे कडक होत असतील, तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येतो आहे. तेलाच्या डिपस्टिकवर राखाडी, लोण्यासारखा फेस दिसला तर इंजिन पुन्हा सुरूच करू नका.

कॅलोरिफायर, म्हणजे इंजिनावर तापणारी गरम पाण्याची टाकी, बसवली असेल आणि तिचे होज हेडर टँकपेक्षा उंच जात असतील, तर वरच्या वळणात हवा अडकते. ती हळूहळू निघते आणि पातळी उतरत राहते. ही गळती नसते. होजच्या सगळ्यात उंच जागी हवा काढायचा स्क्रू बसवा. आणि भर घालताना निव्वळ अँटिफ्रीझ (ग्लायकॉल) ओतू नका. निम्मं डिस्टिल्ड पाणी, निम्मं ग्लायकॉल. निव्वळ ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता उचलत नाही.

प्रश्न : एक्स्चेंजरच्या नळ्या पांढऱ्या क्षाराने अर्ध्या भरल्या आहेत. कुठलं ॲसिड वापरावं आणि किती वेळ?

उत्तर : सायट्रिक ॲसिड वापरा. दहा लिटर गरम पाण्यात एक किलो, पाणी ५० ते ६० अंशांवर. नेहमी ॲसिड पाण्यात घाला, पाणी ॲसिडवर नाही. हायड्रोक्लोरिक लवकर काम करतं, पण तेवढ्याच तत्परतेने झाळणही खातं. ॲल्युमिनियमच्या आवरणावर तर ते पडूच देऊ नका. नळ्यांचा गठ्ठा बाहेर काढून वेगळाच भिजवा.

काढण्यापूर्वी दोन्ही टोकांची झाकणं आणि गठ्ठा यांवर पंच मारून खूण करा. काही झाकणांच्या आत पाण्याला वळवणारा पडदा असतो. झाकण उलट बसलं तर पाणी निम्म्याच नळ्यांतून जाऊन परत निघतं, आणि स्वच्छ केलेला एक्स्चेंजर आधीपेक्षा वाईट काम करतो.

झिंक आधी काढा. कूलंटच्या बाजूला तेलकट थर असेल तर तो डिग्रीसरने धुवा, कारण तेलाखाली ॲसिड पोहोचत नाही. मग भिजवा. फेस थांबला की पाहा, क्षार उरला असेल तर द्रावण नवं करा. नळ्यांत लाकडी किंवा प्लास्टिकची काडी चालवा, लोखंडी सळई नको. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि मग भरपूर गोड्या पाण्याने धुवा. ओ-रिंग नव्या घाला आणि झिंकही नवं. झिंक निम्मं झिजलं की बदलायचं असतं. पार संपेपर्यंत थांबलं तर त्याचे तुकडे सुटून त्याच नळ्यांत अडकतात.

प्रश्न : अरुंद खाडीत शिरताना तापमानाचा अलार्म वाजला तर पहिल्या काही मिनिटांत काय करावं?

उत्तर : थ्रॉटल आयडलवर आणा, गिअर न्यूट्रल करा आणि कुणालातरी मागे जाऊन एक्झॉस्टकडे पाहायला सांगा. पाणी पडत असेल तर इंजिन आयडलवर चालू द्या. फिरणारं कूलंट हेडची उष्णता सावकाश काढून नेईल, एकदम बंद केलं तर ती आतच साचेल. पाणी पडत नसेल, किंवा नुसती वाफ आणि कोरडा खरखरीत आवाज येत असेल, तर शीड उघडा किंवा नांगर टाका आणि इंजिन बंद करा. पाण्याविना एक्झॉस्टचा रबरी होज जळतो आणि प्लास्टिकचा मफलर वितळतो. कोरड्या पंपात इम्पेलरही मिनिटभरात फाटू शकतो.

बंद केल्यावर सीकॉकपासून सुरुवात करा. सीकॉक बंद करून होज काढा आणि सीकॉक जरासा उघडा. पाणी जोराने उसळलं तर तिथपर्यंत मार्ग मोकळा आहे. नुसतं पाझरलं तर बाहेर प्लास्टिकची पिशवी किंवा शेवाळ चिकटलेलं आहे, बोथट काडीने ढकला. पुढे स्ट्रेनर, मग इम्पेलर, मग बेल्ट. एक इम्पेलर, त्याचा गॅस्केट आणि एक बेल्ट बोटीवर असलाच पाहिजे.

हेडर टँकची कॅप गरम असताना उघडू नका. आतलं कूलंट शंभर अंशांच्या वर असून केवळ दाबामुळे उकळायचं थांबलेलं असतं. टँकवर हात निवांत ठेवता येईपर्यंत थांबा. तापलेल्या ब्लॉकमध्ये गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. भर घालायचीच तर कोमट, हळूहळू आणि शक्यतो इंजिन आयडलवर असताना.

दुरुस्तीनंतर इंजिन पटकन सुरू झालं नाही आणि स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागला, तर तेवढ्यापुरता सीकॉक बंद ठेवा. न पेटलेल्या इंजिनाचा पंपही पाणी ढकलत असतो. ते बाहेर फेकायला धूर नसतो, त्यामुळे मफलर भरतो आणि पाणी एल्बोतून सिलिंडरमध्ये चढतं. इंजिन पेटल्याबरोबर सीकॉक उघडा. विसरायला होऊ नये म्हणून बंद करतानाच चावीच्या भोकावर कागदाची चिठ्ठी चिकटवा.

प्रश्न : इंजिन बंद केल्यावर चावी पुन्हा फिरवली तर काटा पाचसहा अंश वर गेलेला दिसतो. चालू असताना मात्र सगळं व्यवस्थित. बिघाड समजावा का?

उत्तर : नाही. दोन्ही पंप थांबले की ब्लॉकची उष्णता जागच्या जागी कूलंटमध्ये उतरते. दहापंधरा मिनिटांत काटा खाली येतो. जोराने चालवून आल्यावर तीनचार मिनिटं आयडलवर ठेवून मग बंद केलं तर हा चढही कमी होतो. दर वेळी दहाबारा अंश चढत असेल किंवा कॅपमधून कूलंट बाहेर येत असेल, तर मात्र वरच्या बादलीच्या चाचणीपासून सुरुवात करा.